मिशरीला धूर नसतो, मग बाळाच्या छातीला काय होणार?

प्रश्न : डॉक्टरताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय २४. पहिलंच बाळंतपण आहे, अकरावा आठवडा चालू आहे. दहा-बारा वर्षांची असताना आजीच्या डबीतून मिशरी लावायला लागले, आता दिवसातून चार-पाच वेळा लागते. आशाताईंनी कार्ड भरताना तंबाखूचं विचारलं, तेव्हा लाजेने 'नाही' म्हणाले. नंतर मनाला लागून राहिलं. सासूबाई म्हणतात, "सिगरेट ओढणाऱ्या बायांचं वेगळं, त्यांच्या पोरांच्या छातीत धूर जातो. आपल्या मिशरीला कुठला आलाय धूर? मी चार लेकरं मिशरी लावूनच जन्माला घातली, चारी धडधाकट." तसा धाकट्या दिरांना लहानपणी बाळदमा होता, पण घरात सगळे म्हणतात की त्यांना थंडी बाधली होती. मिशरी नाही लावली तर सकाळी पोट साफ होत नाही, डोकं जड राहतं. बाळाच्या फुप्फुसांना खरंच काही होतं का? झालं असेल तर आता सोडून उपयोग आहे का? आणि त्याऐवजी निकोटिनचं च्युइंगगम चघळलं तर चालेल का?
– एक होणारी आई

उत्तर : वयाने तू माझ्या लेकीएवढी, म्हणून अगंतुगं करते. मिशरी मला पुस्तकातून कळलेली नाही. माझी आजी परसात चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायची, पान काळं पडेपर्यंत. त्या वासाने शेजारच्या घरातही ठसका उठायचा. मग ती चुरून, फडक्याने गाळून डबीत भरायची आणि दुपारची भांडी झाली की बोटावर चिमूट घेऊन उंबऱ्यावर बसायची. दिवसभरात तिला स्वतःसाठी मिळणारी तेवढीच दहा मिनिटं. त्यामुळे मिशरी लावणाऱ्या बाईला कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. तू लाजलीस ते मला कळतं. पण लाजण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. बारा वर्षांच्या मुलीच्या हाती डबी आली आणि त्यातल्या निकोटिनने तिला धरून ठेवलं, एवढंच झालं आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. सिगरेट ओढणाऱ्या बाईच्या बाळाच्या छातीत धूर जातो, असं त्यांना वाटतं. तो जात नाही. पोटातल्या कुठल्याच बाळाच्या छातीत धूर जात नाही, कारण पोटातलं बाळ हवाच घेत नाही. त्याची फुप्फुसं पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू त्याला नाळेतून येणाऱ्या रक्तातून मिळतो. म्हणजे सिगरेटवाल्या आईच्या बाळाला जी इजा होते, ती आईच्या रक्तातून आलेल्या गोष्टींनी होते. त्यांतली मोठी गोष्ट निकोटिन. ते तुझ्या डबीतही तेच आहे. तंबाखू भाजली म्हणून निकोटिन नाहीसं होत नाही. हिरड्यांवर चोळलं की तोंडाच्या नाजूक अस्तरातून ते थेट रक्तात उतरतं, मग लाळ थुंकून टाकली तरी. सिगरेटचं निकोटिन रक्तात झर्रकन चढतं आणि लवकर उतरू लागतं. तोंडात धरलेल्या तंबाखूचं सावकाश चढतं आणि जास्त वेळ रेंगाळतं. दिवसात चार-पाच वेळा लावलीस तर जागेपणी तुझं रक्त निकोटिनपासून फारसं मोकळं होतच नाही.

वार, म्हणजे नाळेचं टोक आईच्या गर्भाशयाला जिथे चिकटलेलं असतं तो भाग, निकोटिनला अडवत नाही. बाळाच्या बाजूचं प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा थोडं जास्तच, १५ टक्क्यांपर्यंत अधिक आढळलं आहे. गर्भजलातही ते साठतं आणि बाळ ते पाणी गिळत असतं.

मग फुप्फुसांनाच का त्रास? आपल्या शरीरात ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन आहे. एका पेशीचा सांगावा दुसऱ्या पेशीला पोचवण्याचं काम ते करतं. मोठ्या माणसात हा सांगावा मुख्यतः नसा आणि स्नायूंसाठी असतो. पण गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशीही तो ऐकत असतात. कुठे फांदी फुटायची, कुठे वाढ थांबवायची, भिंत किती जाड ठेवायची, यात त्याचा हात असतो. निकोटिनचा रेणू नेमका या सांगाव्याची नक्कल करतो. पेशीला खरा निरोप आणि खोटा निरोप यांतला फरक कळत नाही, आणि वाढीच्या काळात वेळी-अवेळी खोटे निरोप येत राहतात.

हे नुसते अंदाज नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये शास्त्रज्ञांनी गाभण माकडिणींच्या कातडीखाली छोटे पंप बसवले आणि त्यांतून फक्त निकोटिन दिलं. धूर नाही, कागद नाही, डांबर नाही. १९९९ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात असं दिसलं की पिल्लांची फुप्फुसं कमी भरली होती, आतला हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी गुंतागुंतीचा झाला होता, आणि श्वासनलिकांच्या व रक्तवाहिन्यांच्या भोवती कोलॅजनचे, म्हणजे ताठ धाग्यांचे, थर वाढले होते. निकोटिनचा निरोप ऐकणाऱ्या जागाही त्या फुप्फुसात वाढल्या होत्या. उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : पोटात असताना निकोटिन मिळालेल्या पिल्लांच्या श्वासनलिका नेहमीपेक्षा लांब आणि बारीक वाढल्या. तुझ्या सासूबाईंना मी हाच प्रयोग सांगेन. त्यात धूर कुठेच नव्हता.

लांब आणि बारीक नळीचा अर्थ बाळासाठी काय, ते सांगते. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. नवजात बाळाच्या नळ्या आधीच इतक्या अरुंद की साधी सर्दी, थोडासा कफ, थोडी सूज आली तरी छातीतून घरघर, सूं-सूं सुरू होते. ज्याच्या नळ्या जन्मतःच थोड्या कमी रुंद, त्याला हाच त्रास लवकर आणि वारंवार होतो. बॉस्टनमध्ये सिगरेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांचा श्वास जन्मानंतर काही आठवड्यांतच मोजला गेला. ती बाळं घरातल्या धुरात फारशी राहिलेलीही नव्हती, तरी श्वास बाहेर सोडताना त्यांचा हवेचा वेग कमी निघाला. हे १९९२ सालचं काम. पुढे अनेक देशांत तसंच दिसलं. पोटात असताना पडलेला फरक शाळेच्या वयापर्यंत आणि त्यापुढेही मोजता येतो. आमच्या ओपीडीत पावसाळ्यात सारखं नेब्युलायझर लागणारं मूल आलं की मी आईला हळूच विचारते, मिशरी लावत होतीस का गं? वडिलांना विडीचं विचारते आणि घरात चूल आहे का, तेही.

तू म्हणशील, माकडं झाली, सिगरेट झाली, तोंडातल्या तंबाखूचं काय? स्वीडनमध्ये स्नस नावाची तंबाखू ओठाखाली धरतात. तिथल्या बायकाही धरतात, आणि तिथे प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवली जाते. गरोदरपणी स्नस घेणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये जन्मानंतर श्वास मध्येच थांबण्याचा त्रास जास्त आढळला. श्वासाचा ताल मेंदूच्या देठाकडून चालतो आणि निकोटिन तिथेही पोचतं. आपल्या घरचा पुरावा मुंबईचा आहे. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या अभ्यासात मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांची माहिती होती. तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये बहुतेक जणी मिशरीवाल्याच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. सहा दिवस म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण सरासरी सहा याचा अर्थ काही बाळं बरीच आधी आली. छातीच्या दृष्टीने शेवटचे आठवडे मोलाचे असतात. हवेचे फुगे चिकटू नयेत म्हणून लागणारा स्निग्ध पदार्थ फुप्फुसात पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी आलेल्या बाळाला श्वासासाठी झगडावं लागतं. मुंबईच्याच याच कामातून २००६ मध्ये पुढे आलं की तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण अडीच पटींच्या आसपास होतं. हे लिहिताना माझा हात अडखळला, कारण तू पहिलटकरीण आहेस. पण तू सरळ विचारलंस, तर सरळच सांगायला हवं.

सासूबाईंची चार लेकरं धडधाकट आहेत, याचा मला आनंद आहे. धोका वाढतो म्हणजे प्रत्येक बाळाला इजा होतेच असं नाही. दिरांचा बाळदमा मिशरीमुळेच, असंही मी म्हणणार नाही. दम्याला घराण्यापासून चुलीच्या धुरापर्यंत अनेक कारणं असतात, आणि एका माणसाकडे बोट दाखवून ते ठरवता येत नाही. तूही ते सासूबाईंपुढे काढू नकोस. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि आता या वयात आपल्याच मुलाच्या दुखण्याचा दोष त्यांच्या पदरात टाकून काय साधणार?

आता तुझा दुसरा प्रश्न, आणि मला याचंच उत्तर द्यायची सगळ्यात घाई आहे. उपयोग आहे. खूप आहे. तू अकराव्या आठवड्यात आहेस. बाळाच्या फुप्फुसाचा अंकुर गर्भ राहिल्यापासूनच्या चौथ्या आठवड्यात फुटला, आणि सध्या त्या झाडाला फांद्यांमागून फांद्या फुटत आहेत. मोठ्या श्वासनलिकांची ही सगळी मांडणी साधारण सोळा-सतराव्या आठवड्यापर्यंत पुरी होते. त्यानंतर नवी मोठी फांदी जन्मभर फुटत नाही, असलेल्याच लांब-रुंद होतात. म्हणजे बाळाच्या फांद्या धरण्याच्या महिन्यातच तू मला पत्र लिहिलंस. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात पंधराव्या आठवड्याच्या आत सिगरेट सोडलेल्या बायकांची बाळं वेळेआधी जन्मण्याच्या आणि कमी वजनाच्या बाबतीत कधीच न ओढणाऱ्या बायकांच्या बाळांसारखीच निघाली. तुझ्याकडे अजून चार आठवडे आहेत.

हे वाचणारी एखादी सातव्या-आठव्या महिन्यात असेल तर तिने हात टेकू नयेत. हवेचे खरे फुगे, वायुकोश, शेवटच्या महिन्यापासून धरायला लागतात. जन्माच्या वेळी ते फार तर पाच कोटींच्या आसपास असतात, मोठ्या माणसात तीस ते पन्नास कोटी. म्हणजे बहुतेक फुगे जन्मानंतरच्या वर्षांत तयार होतात. ज्या दिवशी डबी बंद होईल त्या दिवसापासून पुढचं बांधकाम खोट्या निरोपांविना होईल.

तिसरा प्रश्न, च्युइंगगम. ते औषधाच्या दुकानात सहज मिळतं, म्हणून तुला ते निरुपद्रवी वाटलं असेल. पण त्यातही निकोटिनच आहे, आणि आत्तापर्यंत आपण निकोटिनबद्दलच बोलत होतो. एरवी मी तंबाखू सोडणाऱ्यांना ते आनंदाने सांगते, कारण तंबाखूतली कॅन्सर करणारी बाकी विषं तरी टळतात. गरोदरपणी मात्र आधी गमशिवाय प्रयत्न करायचा. खूप करूनही जमलंच नाही तर तुला तपासणाऱ्या डॉक्टरांनी हिशेब करून कमीत कमी मात्रेत ते द्यावं. स्वतःच्या मनाने नको. तपकीर, गुल, पान-तंबाखू हेही मिशरीच्या बदल्यात नको, आणि सोडण्याच्या गोळ्या तर डॉक्टरांशिवाय मुळीच नकोत. एक गोष्ट तुझ्या कानावर येईल : ओरेगॉनच्याच लोकांनी २०१४ मध्ये दाखवलं की सिगरेट न सोडू शकलेल्या गरोदर बायकांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं तर बाळांचा श्वास मोजणीत सुधारला आणि पहिल्या वर्षात घरघर कमी झाली. चांगली बातमी आहे, डॉक्टरांना विचार. पण नुकसान थोडं कमी होणं वेगळं आणि ते टळणं वेगळं. क जीवनसत्त्वाच्या भरवशावर डबी चालू ठेवू नकोस.

सोडायची कशी? तू लिहिलेल्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, मनाचे खेळ नाहीत. निकोटिन आतड्यांना चालना देतं. ते बंद झालं की आतडी काही दिवस सुस्तावतात. त्यात गरोदरपण आणि लोहाच्या गोळ्या, दोन्हींनी मलावरोध होतोच. मी कितीतरी बायकांना याच एका कारणाने पुन्हा डबी उघडताना पाहिलं आहे, म्हणून पोटाची तयारी आधी कर. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, काकडी, पेरू, रात्री भिजवलेल्या मनुका, दुपारी ताक. तेवढ्याने भागलं नाही तर इसबगोल गरोदरपणी चालतो, डॉक्टरांना विचारून सुरू कर. लोहाची गोळी मात्र बंद करायची नाही.

डोकं जड होणं, चिडचिड, झोपमोड हे सगळं पहिले तीन-चार दिवस फार, मग दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. तलफ लाटेसारखी येते, पाच-दहा मिनिटं छळते आणि उतरते. तेवढा वेळ जागा सोडायची. तू मिशरी कुठे बसून लावतेस? उंबऱ्यावर, न्हाणीजवळ, की विहिरीकडे जाताना? त्या वेळी तिथे बसूच नकोस. तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेव, मऊ ब्रशने दात घास. मिशरी सुटल्यावर काही दिवस हिरड्या हुळहुळतात, शिवाय गरोदरपणी त्या सुजतात आणि रक्त येतं. त्याला मिशरी हे औषध नाही, ते दातांच्या डॉक्टरांना दाखव. दुकानातली अनोळखी लाल-काळी दंतमंजनंही घेऊ नकोस. दात घासण्याच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, तरी काहींत ती सापडली आहे.

रोज एक वेळ कमी करत जायचं की एकदम सोडायची? तुझ्याकडे दिवस मोजके आहेत, म्हणून मी एक दिवस ठरवून एकदम सोड असं सांगेन. येता सोमवार धर. आदल्या रात्री डबी नवऱ्याच्या हाती दे. तोही तंबाखू मळत असेल, विडी ओढत असेल, तर त्याने घरात तरी बंद करावी. सासूबाईंसाठी मिशरी भाजायचं काम तुझ्याकडे असेल तर ते आजपासून दुसऱ्या कुणाकडे जाऊ दे. मिशरीला धूर नसतो हे लावतानाचं झालं. तव्यावर भाजताना होणारा धूर तू छातीभर घेत असतेस. मधेच एखाद्या दिवशी हात डबीकडे गेला तर सगळं संपलं असं समजू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोड. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. "तुम्ही लावा, मी काही म्हणत नाही, पण डॉक्टरताईंनी मला बंद करायला सांगितलंय," असं म्हण आणि दोष माझ्यावर ढकल. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत ने. नातवंडाच्या हृदयाचे ठोके मशिनवर ऐकले की बऱ्याच सासवा मवाळ होतात.

बाळंतपणाला माहेरी जाशील, तेव्हा जप. सोडलेली मिशरी परत सुरू होते ती बहुतेक वेळा तिथेच, बाळंतिणीला पोट साफ व्हायला बरं म्हणून आजी किंवा मावशी डबी पुढे करते तेव्हा. आईच्या रक्तातल्या निकोटिनच्या जवळजवळ तिप्पट ते दुधात उतरतं. तुझ्या शरीरातलं निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, नवजात बाळाला त्यासाठी अकराएक तास लागतात. तरीही चुकून एखादी चिमूट लावली गेली तर बाळाचं दूध तोडू नकोस. आईचं दूध त्याच्या छातीचं जंतूंपासून रक्षण करतं, ते चालूच राहायला हवं.

राहिलं ते कार्ड. आशाताईंना उद्याच गाठ आणि 'नाही'च्या जागी खरं काय ते लिहून घे. तुझ्यासारखं 'नाही' त्यांनी शंभर वेळा ऐकलेलं आहे, त्या रागावणार नाहीत. बाळाची वाढ सोनोग्राफीत बारकाईने बघायची का, हे त्या एका ओळीवरून ठरतं. आणि बाळ जन्मल्यावर पहिले एक-दोन दिवस त्याच्या श्वासाकडे जरा जास्त लक्ष ठेवायचं, हे त्या रात्री ड्युटीवर असलेल्या नर्सबाईंना तिथूनच कळेल.